सलाईनच्या बाटलीत नेमकं असतं काय? (आईच्या आजारपणाच्या निमित्ताने)

रानजाई | रविवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. धागा जरा मोठा होईल, पण मनातून जात नाहीये म्हणून लिहिते.

आई अडुसष्ट वर्षांची, सांगोला तालुक्यात गावी असते. दोन वर्षांपूर्वी तिला हार्ट अटॅक येऊन गेला. तेव्हापासून हृदयाचं पंपिंग कमी आहे, इकोच्या रिपोर्टवर ३५ टक्के लिहिलंय. मीठ कमी खायचं हे तिने इतकं मनावर घेतलंय की लोणच्याची बरणी स्वतःच वरच्या फळीवर ठेवून दिली.

गेल्या महिन्यात ऊन कडक होतं. तिला दोन-तीन दिवस हातापायात त्राण वाटेना. भाऊ रानात होता, म्हणून शेजारच्या काकू तिला शेजारच्या गावातल्या दवाखान्यात घेऊन गेल्या. तिथे आईनेच सांगितलं, "एक सलाईन लावा, म्हंजे बरं वाटंल." दोन बाटल्या लावल्या. दुसरीत कसलं तरी इंजेक्शन टाकल्यावर पाणी पिवळं झालं, ती म्हणे ताकदीची. अडीच तासांत दोन्ही संपल्या. संध्याकाळी आई खुशीत होती, भाकरी थापल्या तिने.

रात्री दोनच्या सुमारास ती उठून बसली. आडवं होता येईना, खोकला थांबेना, दम लागलेला. भावाने शेजाऱ्यांची गाडी काढून पंढरपूर गाठलं. तिथे ऑक्सिजन लावला, लघवी होण्याचं इंजेक्शन दिलं, सकाळपर्यंत श्वास खाली बसला. तिथल्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "काल सलाईन लावलं होतं का?" मग त्यांनी भावाला सांगितलं की अर्ध्या लिटरच्या एका बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं. म्हणजे वर्षभर आम्ही जे चिमटीने मोजत होतो, ते दोन बाटल्यांतून नऊ ग्रॅम थेट शिरेत गेलं.

कुणाला दोष द्यायला हा धागा नाही. हृदयाचं कुणी विचारलं नाही आणि आईनेही सांगितलं नाही. पण मी पुण्यात नोकरी करणारी, शिकलेली बाई, आणि सलाईन म्हणजे काय हे मलाही माहीत नव्हतं. मीही ते "ताकदीचं पाणी"च समजत होते. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं. कधी लागतं, कधी नाही, आणि घरच्यांनी काय विचारायचं?

कृष्णाकाठ | रविवार, रात्री ९:३२

बाप रे. आई आता बऱ्या आहेत ना? आमच्याकडेही पाहुणे पहिला प्रश्न "सलाईन लावलं का?" असाच विचारतात. नाही म्हटलं तर दुखणं किरकोळ समजतात.

मी_फिजिशियन | रविवार, रात्री १०:४५

रानजाई, आईंना वेळेवर पंढरपूरला नेलं हे फार चांगलं केलंत. अशा रात्री तासाभराचा उशीरही जड जातो.

आपण ज्याला नुसतं "सलाईन" म्हणतो ते म्हणजे एक लिटर निर्जंतुक पाण्यात ९ ग्रॅम मीठ. बाटलीवर ०.९ टक्के सोडियम क्लोराईड किंवा एन.एस. (नॉर्मल सलाईन) लिहिलेलं असतं. त्यात जीवनसत्त्वं नाहीत, प्रथिनं नाहीत, उष्मांक शून्य.

०.९ च का? आपल्या तांबड्या पेशी नाजूक पिशव्यांसारख्या असतात. शिरेत साधं पाणी गेलं तर त्या पाणी शोषून फुगतात आणि फुटतात. फार खारट पाणी गेलं तर आक्रसतात, कैरीच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटून त्या मऊ पडतात तसं. ०.९ टक्क्याला पेशी जशाच्या तशा राहतात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हॅम्बर्गर नावाच्या डच शास्त्रज्ञाने पेशींवर प्रयोग करून हा आकडा काढला. मात्र हे पाणी अगदी रक्तासारखं नाही. रक्तात सोडियम लिटरला १३५ ते १४५ मिलिमोल असतं, सलाईनमध्ये १५४. क्लोराईड रक्तात शंभरच्या आसपास, यात पुन्हा १५४. त्यामुळे लिटरच्या लिटर दिलं तर रक्ताची आम्लता वाढते. म्हणून बऱ्याचदा आर.एल., म्हणजे रिंगर लॅक्टेट वापरतात. त्यात सोडियम, क्लोराईड कमी आणि थोडं पोटॅशियम, कॅल्शियम, लॅक्टेट असतं.

डी ५ म्हणजे पाच टक्के ग्लुकोज. अर्ध्या लिटरमध्ये २५ ग्रॅम साखर, म्हणजे एका केळ्याइतकेही उष्मांक मुश्किलीने. डी.एन.एस. म्हणजे मीठ आणि साखर दोन्ही. तुमच्या आईंची पिवळी बाटली बहुधा मल्टिव्हिटॅमिन घातलेली असणार, त्या इंजेक्शनने पाणी पिवळं होतं. तीच जीवनसत्त्वं गोळीतूनही मिळतात.

आता आईंच्या बाबतीत काय झालं ते. शिरेतून दिलेलं एक लिटर सलाईन सगळं शिरेत राहत नाही. तासाभरात पाव लिटरच्या आसपास रक्तवाहिन्यांत उरतं, बाकीचं पेशींभोवतीच्या जागेत झिरपतं. धडधाकट माणसाच्या किडन्या ते एक-दोन दिवसांत बाहेर टाकतात. पंपिंग ३५ टक्के असलेलं हृदय हा भार पुढे ढकलू शकत नाही. रात्री आडवं झाल्यावर पायाकडचं पाणीही वर येतं आणि फुप्फुसांत साचतं. म्हणून दुपारी बरं, संध्याकाळी बरं आणि रात्री दोनला दम. हा क्रम आम्ही पुन्हा पुन्हा पाहतो.

आणि संध्याकाळी बरं का वाटलं? उन्हाने शरीरात थोडं पाणी कमी पडलं असेल, ते भरलं. अडीच तास पडून विश्रांती मिळाली. काही ठिकाणी बाटलीत वेदनाशामक किंवा स्टिरॉइडही टाकतात, त्याने तात्पुरती तरतरी येते. त्रास ज्यामुळे होता ते मात्र होतं तिथेच राहिलं. आईंचं हिमोग्लोबिन, सोडियम, पोटॅशियम तपासलंय का? लघवीच्या गोळ्या चालू असतील तर हे पाहायलाच हवं.

उमाळा | सोमवार, सकाळी ७:०५

डॉक्टर, तुमचं सगळं मान्य, पण धागा वाचून लोक सलाईनलाच घाबरतील अशी भीती वाटते, म्हणून लिहितेय. तीन वर्षांपूर्वी धाकट्या बहिणीला बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबेना. रक्ताची पिशवी यायला वेळ होता. सिस्टरांनी दोन्ही हातांना सलाईन लावून पूर्ण सोडलं होतं, बाटल्या पिळत होत्या अक्षरशः. त्या पाण्यानेच ती रक्त येईपर्यंत तगली. तिच्या मुलीचा तिसरा वाढदिवस परवाच झाला.

मी_फिजिशियन | सोमवार, सकाळी ८:२०

उमाळा, बरं झालं लिहिलंत. अशा वेळी सलाईन जीव वाचवतं, त्यात शंकाच नाही. रक्तस्राव, पटकीसारखे धो-धो जुलाब, उष्माघात, मधुमेहात साखर चढून आलेली बेशुद्धी, जंतुसंसर्गाने कोसळलेला रक्तदाब, ऑपरेशनच्या वेळी पोट रिकामं ठेवावं लागतं तेव्हा. सतत उलट्या होऊन घोटभर पाणीही टिकत नसेल तेव्हाही. इथे एक मिनिटही वाया घालवू नये.

डेंग्यूचं वेगळं लिहितो, कारण दर पावसाळ्यात त्यावर गोंधळ असतो. डेंग्यूत ताप उतरायच्या सुमारास एक-दोन दिवस रक्तातला पातळ भाग वाहिन्यांबाहेर झिरपतो. त्या काळात सलाईन लागतं, पण तासातासाला नाडी, बीपी, लघवी आणि हिमॅटोक्रिट (रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण) बघून. नंतर तेच पाणी आपोआप वाहिन्यांत परत येतं. तेव्हाही बाटल्या चालू ठेवल्या तर छातीत पाणी होतं. आणि सलाईनने प्लेटलेट वाढत नाहीत. नातेवाइकांनी त्यासाठी आग्रह धरू नये.

सिस्टर_पारिजात | सोमवार, दुपारी ३:१५

ड्युटी संपवून लिहितेय. एकवीस वर्षं वॉर्डात काढली.

रानजाईताई, तुम्ही "अडीच तासांत दोन बाटल्या" लिहिलंत तिथे मी थांबले आणि हिशेब केला. सलाईनच्या नळीच्या नेहमीच्या सेटमधून वीस थेंब पडले की एक मिली होतं, पाकिटावर ते छापलेलं असतं. अर्ध्या लिटरची बाटली म्हणजे दहा हजार थेंब. चार तासांत द्यायची तर मिनिटाला बेचाळीस थेंब, आठ तासांत द्यायची तर एकवीस. तुमच्या आईंना मिनिटाला एकशेतेहतीस थेंब गेले. इतक्या वेगात थेंब वेगळे मोजताच येत नाहीत, धार लागल्यासारखं दिसतं. हृदयाच्या पेशंटला सलाईन द्यावंच लागलं तर आम्ही मिनिटभर घड्याळासमोर उभं राहून थेंब मोजतो, नाहीतर ठरल्या वेगाने सलाईन सोडणाऱ्या पंपावर लावतो.

म्हणून हात जोडून विनंती, त्या नळीवरच्या चाकाला नातेवाइकांनी हात लावू नये. "लवकर संपू दे, एसटी चुकेल" म्हणून चाक पूर्ण सोडणारे मी खूप पाहिलेत. एका आजोबांच्या नातवाने असंच सोडलं होतं. आजोबा वाचले, पण तो मुलगा रात्रभर कॉटशी बसून रडत होता. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

सुईच्या जागी फुगलं, थंड लागलं, दुखलं तर समजा सलाईन आऊट गेलं, म्हणजे शिरेबाहेर जातंय. लगेच सांगा. लालसर, गरम झालं तरी सांगा. बाटली संपली की नळीत रक्त मागे येतं, ते बघून लोक किंचाळतात. आम्हाला हाक मारा, घाबरू नका. नळीतला एखादा बारीक बुडबुडा दिसला तर त्यानेही काही होत नाही.

औषधपेढी | सोमवार, संध्याकाळी ६:४०

फार्मासिस्ट आहे, थोडी भर. बाटली लावण्याआधी लेबल वाचायला मागा. मधुमेह्याला डी.एन.एस. किंवा डी ५ लागतंय का, हे डॉक्टरांना विचारायला संकोच करू नका. मुदत बघा, उजेडाकडे धरून गढूळपणा किंवा काही तरंगताना दिसतंय का बघा, हलकेच दाबून गळत नाही ना ते बघा. हवा जावी म्हणून बाटलीच्या बुडाला सुई टोचून ठेवतात ते चूक आहे, त्या भोकातून धूळ आणि जंतू आत जातात.

जखमा धुण्याचं सलाईन वेगळं मिळतं, ते शिरेत द्यायचं नसतं. आणि तीन टक्क्यांचं सलाईन म्हणजे मेंदूला सूज आली किंवा सोडियम धोकादायक खाली गेलं तर वापरायचं औषध. ते फक्त दवाखान्यात, देखरेखीखाली.

टेकडीपल्याड | सोमवार, रात्री ८:०२

अवांतर होत असेल तर माफी. जलनेतीचं पाणी आणि बाळाच्या नाकात घालायचे थेंब म्हणजे हेच सलाईन का? मी कॉन्टॅक्ट लेन्सही वापरते. घरी करून ठेवलं तर चालेल?

सिस्टर_पारिजात | सोमवार, रात्री ८:५०

हो, प्रमाण तेच. जलनेतीला अर्ध्या लिटर पाण्यात चहाचा सपाट पाऊण चमचा मीठ घाला. साध्या पाण्याने नाक झोंबतं, या पाण्याने झोंबत नाही, त्याचं कारण फिजिशियन सरांनी वर दिलंय. पाणी उकळून कोमट केलेलंच घ्या, नळाचं किंवा विहिरीचं थेट नको. नाकातून मेंदूपर्यंत जाणारा नेग्लेरिया नावाचा अमीबा गोड्या पाण्यात असू शकतो. आजार दुर्मीळ आहे, पण झाला तर माणूस सहसा वाचत नाही.

बाळाचं नाक चोंदलं तर दुकानातले तयार थेंबच आणा, स्वस्त असतात. लेन्ससाठी घरचं पाणी अजिबात नको. विकतचं सलाईनही लेन्स नुसती धुतं, जंतू मारत नाही. रात्री लेन्स तिच्या द्रावणातच ठेवा.

माणदेशी_दवाखाना | सोमवार, रात्री ११:२०

धागा दोनदा वाचला. मी गावात प्रॅक्टिस करतो, सोळा वर्षं झाली. आमची बाजूही इथे यायला हवी असं वाटतं.

खुरपायला जाणारी बाई माझ्याकडे येते तेव्हा तिला उद्या कामावर जायचं असतं. एक रोज बुडाला तर घरात फरक पडतो. ती म्हणते, "डॉक्टर, सलाईन लावा, उद्याच्याला उभी राहिली पायजे." मी नाडी बघतो, जीभ बघतो, सांगतो की बाई, तुला पिता येतंय, तुला सलाईनची गरज नाही. सुरुवातीच्या वर्षांत अशी बरीच माणसं उठून चौकातल्या दुसऱ्या दवाखान्यात गेली. नुसती गोळी दिली तर "डॉक्टरांनी बघितलंच नाही" असं वाटतं. बाटली टांगली की कुणीतरी काळजी घेतली असं वाटतं. ही भावना खरी आहे, मी तिला कमी लेखत नाही. माणसाला दोन तास कॉटवर पडू देणं, डोक्यावर पंखा, शेजारी नवरा बसलेला, हे सुख त्या बाईला एरवी कुठे मिळतं?

मी दवाखान्यात एक माठ आणि ओआरएसची पाकिटं ठेवली. तीच कॉट, तोच पंखा, फक्त बाटलीऐवजी तांब्या. अर्धा तास बसून प्यायला लावतो आणि अधूनमधून येऊन नाडी बघतो. आता लोक थांबतात. पण त्याला पाच-सहा वर्षं गेली.

विंचूदंशाबद्दल आवर्जून लिहितो. आमच्या भागात विंचू चावला की आधी सलाईन, अशी समजूत आहे. लाल विंचवाच्या विषाने हृदयावर ताण येऊन फुप्फुसात पाणी होतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी कोकणातल्या अशा रुग्णांना प्राझोसिन हे रक्तवाहिन्या सैल करणारं औषध देऊन मृत्यू कितीतरी कमी करून दाखवले. त्या रुग्णाला न बघता बाटल्यांवर बाटल्या लावल्या तर रानजाईंच्या आईंसारखंच, पण त्याहून भयंकर होतं.

आणि रानजाई, त्या दवाखान्याने हृदयाचं विचारायला हवं होतं. हे मी त्याच पेशातला माणूस म्हणून म्हणतो.

हडसनकाठची_मावशी | मंगळवार, पहाटे ५:३०

न्यू जर्सीत हॉस्पिटलच्या फार्मसीत काम करते. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन चक्रीवादळाने नॉर्थ कॅरोलायनातला बॅक्स्टर कंपनीचा नॉर्थ कोव्हचा कारखाना पाण्याखाली गेला. अमेरिकेत शिरेतून द्यायची जी द्रावणं लागतात त्यातली साधारण ६० टक्के त्या एका कारखान्यातून येत होती. आमच्याकडे पिशव्या मोजून मिळायला लागल्या. प्रत्येक ऑर्डरवर एकच प्रश्न विचारायचा होता, "पेशंट तोंडाने पिऊ शकतो का?" पिऊ शकत असेल तर पेला द्या. कितीतरी जणांचं पेल्यावर भागलं. इतकी वर्षं मीही सवयीने पिशव्या पाठवत होते, हे तेव्हा जाणवलं.

गोदाकाठ | मंगळवार, सकाळी १०:१५

"पेला द्या" वरून इतिहास आठवला, तो इथे सांगायलाच हवा.

सलाईनचा जन्म पटकीतून झाला. १८३१-३२ मध्ये ब्रिटनमध्ये साथ आली तेव्हा ओशॉनेसी नावाच्या तरुण डॉक्टरने रुग्णांचं रक्त तपासून सांगितलं की यातलं पाणी आणि क्षार निघून गेलेत, ते परत भरायला हवेत. (पुढे हाच माणूस कलकत्त्याला आला आणि हिंदुस्थानातली तारयंत्रणा त्याने उभी केली.) त्याचं वाचून १८३२ मध्ये स्कॉटलंडमध्ये लीथच्या थॉमस लॅट्टाने खारं पाणी थेट शिरेत दिलं. पहिली रुग्ण एक म्हातारी होती. मरणाच्या दारातून तिचे डोळे उघडले, चेहऱ्यावर रंग आला. डॉक्टर निघून गेल्यावर जुलाब पुन्हा सुरू झाले, पाणी पुन्हा भरलं गेलं नाही आणि ती गेली. पुढचे काही मात्र वाचले.

आता १९७१. बांगलादेश युद्धातले लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि बनगावच्या छावणीत पटकी पसरली. डॉ. दिलीप महालनबीस तिथे होते. रुग्णालयात जमिनीवर माणसं, जुलाब-उलट्यांत गुडघे टेकून सुई लावायची, आणि सलाईन संपत आलेलं. त्यांनी ठरवलं, तोंडाने द्यायचं. लिटरमागे २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खायचा सोडा. कलकत्त्यात पाकिटं भरली, छावणीत पिंपांत कालवलं आणि आयांच्या, भावंडांच्या हातात पेले दिले. छावणीत तीस टक्क्यांच्या घरात असलेले मृत्यू त्यांच्या देखरेखीतल्या रुग्णांत ३.६ टक्क्यांवर आले.

यात साखर चवीसाठी नाही. आतड्याच्या भिंतीत एक दार आहे, ते सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आले तरच उघडतं, आणि त्यांच्या मागून पाणी आत येतं. जुलाबातही हे दार चालू राहतं. नुसतं मिठाचं पाणी किंवा नुसतं गोड सरबत तेवढं काम करत नाही. ओआरएसच्या पाकिटावर जे प्रमाण असतं ते म्हणून महत्त्वाचं.

आणि रानजाई, तुमच्यासाठी खास. बांगलादेशात आजही ओआरएसला "खाबार सॅलाइन" म्हणतात, म्हणजे पोटात घ्यायचं सलाईन. नाव सलाईनच ठेवलं. गावोगावी बायकांनी घरोघर जाऊन तीन बोटांची चिमूट मीठ आणि मूठभर गूळ अर्ध्या शेर पाण्यात कसं कालवायचं ते आयांना शिकवलं.

माणदेशी_दवाखाना | मंगळवार, दुपारी १:४०

गोदाकाठ, हे नाव मी आजपासून वापरणार. प्यायचं सलाईन.

मी_फिजिशियन | मंगळवार, दुपारी २:१०

फार सुंदर लिहिलंत. फक्त एक काळजी: ओआरएसमध्येही मीठ आहे. लिटरला सोडियम ७५, सलाईनच्या निम्मं. जुलाब-उलट्या नसताना हृदयाच्या किंवा किडनीच्या पेशंटने थकवा आला म्हणून ते पीत बसू नये. रानजाई, आईंना तेही विचारूनच. आणि पाकीट नसेल तर एक लिटर पाण्याला चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त पडलं तर लहान मुलाला त्याने अपाय होतो, म्हणून चमचा बोटाने सपाट करायचा.

रानजाई | पुढचा रविवार, रात्री ९:४०

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रतिसाद भावाला वाचून दाखवले.

आईचं हिमोग्लोबिन ८.१ निघालं. थकवा त्याचा होता. डॉक्टरांनी कारण शोधायला तपासण्या लिहून दिल्यात आणि लोहाचं औषध सुरू केलंय. तिच्या फाइलच्या पहिल्या पानावर भावाने लाल पेनाने मोठं लिहिलं, "हार्ट पेशंट, पंपिंग ३५ टक्के, सलाईन लावण्याआधी विचारा." ती फाइल आता दाराजवळच्या खुंटीला पिशवीत असते, शेजारच्या काकूंनाही दाखवून ठेवलीय.

शुक्रवारी त्याच काकूंच्या दोन वर्षांच्या नातवाला जुलाब लागले. काकू दवाखान्यात सलाईन लावायला निघाल्या होत्या. पोर डोळ्यांत पाणी आणून रडत होतं, पाणी मागत होतं. भावाने "खाबार सॅलाइन"चं आईला सांगितलं होतं, तेच तिने काकूंना सांगितलं, "आगं, प्यायचं सलाईन दे की त्याला, पोराला पेता येतंय." भावाने एक लिटरची बाटली स्टीलच्या कळशीत ओतून पाण्याची रेघ आली तिथे आतून खिळ्याने ओरखडा काढला. आईने पाकीट कालवलं. काकूंनी चमच्याचमच्याने पाजलं, ओकलं की दहा मिनिटं थांबून पुन्हा. संध्याकाळी त्याने शू केली, तेव्हा आईने मला मुद्दाम फोन करून सांगितलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी झिंकचं औषध चौदा दिवस दिलं.

कळशी काकूंच्याच घरी ठेवलीय. ओरखड्याची रेघ जरा पुसट आहे, मी पुढच्या वेळी गेले की नेलपॉलिशने बाहेरूनही खूण करून येणार आहे.